महिपतीचं दुसरं कंकण

कान्हे गावच्या महिपतीची एक बढाई साऱ्या पंचक्रोशीला पाठ होती. लग्नात करवल्यांनी गाठी भिजवून आवळल्या होत्या, तरी कस्तुराबाईचं कंकण त्यानं एका हातानं सोडलं होतं. "माज्या बोटांपुढं गाठ टिकंल व्हय?" असं तो येता-जाता ऐकवायचा. आणि असा हा गडी अडकला कशात, तर घड्याळात!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात एका शेटजींच्या बंगल्यावर महिपती वरकामाला अन् कस्तुराबाई भांड्यांना. शेटजींना घड्याळं जमवायचा भारी नाद. त्यातलं एक तर विलायती नवल! एका तबकडीत आणखी दोन तबकड्या. कडेचं बटण दाबलं की एक बारीक काटा शर्यतीच्या घोड्यागत सुटायचा, पुन्हा दाबलं की जागीच उभा.

एका सकाळी शेटजी आंघोळीला गेले अन् महिपतीनं ते मनगटावर चढवलं. म्हटलं, बघू तरी! पट्ट्याखाली सोन्याची दुमडती पट्टी होती, ती टक्कन मिटली. आता सोडायला जातो तर ना गाठ, ना भोक, ना टोक. त्या झटापटीत बटण दाबलं गेलं अन् काटा धावत सुटला. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. महिपती बाही ओढून मागल्या दारी पळाला.

कस्तुराबाईनं केसांतला आकडा घालून पाहिला, साबण लावला. पट्टा ढिम्म.

"सांगून टाका की शेटजींना."

"काय सांगू? हातात घड्याळ अन् तोंडानं म्हणू, चोरी न्हाई केली?"

शेवटी तिनं हळद कालवली, मनगटावर थापली, वर फडकं गुंडाळलं. "पायरीवरनं पडलो म्हणा." फडक्याखाली टिकटिक चालूच. महिपतीला वाटे, साऱ्या बंगल्याला ती ऐकू येतेय.

घड्याळ गेल्याचा बोभाटा झाला. बटलरनं बोट दाखवलं ते सारजाबाईकडं. डोंगरावरल्या ठाकरवाडीची ही बाई नुकतीच व्हरांड्यात मोळी टाकून टेकली होती.

"शेटजी, म्या उंबरा बी न्हाई वलांडला!"

"फौजदाराला बोलवा," शेटजी म्हणाले.

सारजाबाईनं आपणहून पदर झाडून दाखवला. त्यातनं बोंबलाचा तुकडा तेवढा पडला. तो तुकडा बघून महिपती शेटजींसमोर आला. त्यानं दातांनी फडकं ओढलं अन् हळदीनं माखलेला हात पुढं केला.

"शेटजी, हितं हाय. हौसंनं घातलं, सुटंना झालं."

शेटजींनी दोन बोटांनी पट्टी दाबली. टक्! सुटलं. मग त्यांनी पळता काटा थांबवला, पिवळा पट्टा नाकापाशी नेला अन् म्हणाले, "आजपासून तू बागेत. घरात पाय ठेवायचा नाही."

सारजाबाईनं बोंबील उचलून पदराला बांधला. "भाऊ, हळद लागली, कंकण बी सुटलं. आता नवरी म्हणून ह्या शेटजींनाच नांदवा!"

त्यानंतर बढाई बंद झाली. सारजाबाई फाटकात दिसली की मात्र महिपती खुरपं टाकून धावायचा अन् तिच्या डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी उतरवून घ्यायचा.