कुवेतमधला एकटा मोपान

“मातेओ! अरे बोल, मातेओ!” मुदीर (साहेब) टाकीच्या तोंडात डोकं खुपसून हिंदी, अरबी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ओरडत होता. आतून त्याचाच आवाज परत येत होता.

फहाहीलच्या कारखान्यात मी माझ्या मेहुण्याचा, सदाचा, विसरलेला डबा घेऊन पोचलो, तर हा प्रकार. अबू हलीफाहून येताना बसमध्ये ऊन इतकं, की माझी सावली सीटखाली जाऊन बसली आणि डब्यातले बांगडे दुसऱ्यांदा तळून निघाले. पण इथं पोचल्यावर अंगावर काटा आला.

मातेओ ग्वातेमालाचा वेल्डर, अमेरिकन कंत्राटदाराबरोबर आलेला. त्याची मायबोली मोपान. ती बोलणारे सगळे आमच्या गुहागरच्या जत्रेत मावतील, आणि अख्ख्या कुवेतात तर हा एकटाच. तिच्यातले काही उच्चार म्हणजे घशात सोडावॉटरची गोटी फुटावी तसे. सदा म्हणे, जेवताना तो बोलला की शेजारच्याच्या खुबूसवरचे (भट्टीतल्या रोटीवरचे) तीळ उडतात.

वेल्डिंगला टाकीत उतरलेला तो आज गप्प होता. टाकीला आत दोन खण, डावा आणि उजवा. वेल्डिंगच्या वायूने हवा कोंडलेली. बाहेर प्राणवायूच्या मुखवट्याचा सिलिंडर एकच, पाच मिनिटांचा. चुकीच्या खणात शिरलं, तर हवा तिथंच संपायची.

“डावीकडे असेल!” जमलेल्या कामगारांतला एक म्हणाला.

“नाही, उजवीकडे!”

“गप बसा रे मेल्यांनो!” सदा गरजला. रत्नागिरीपर्यंत शांतता पसरली. तो पालथा पडला, टाकीत तोंड घातलं आणि घशातून ‘ट्ट! क्क!’ असे चार फटाके सोडले. मोपान! सख्ख्या बहिणीशी वर्षाला दोन वाक्यं बोलणारा माझा मेहुणा!

काही नाही. त्याने पुन्हा सोडले.

मग डाव्या खणातून चिंचोका फुटावा तेवढा आवाज आला. क्क.

सदा मुखवटा चढवून आत गेला. त्या चार मिनिटांत माझ्या मिशा पिकल्या. शेवटी टाकीच्या तोंडातून आधी मातेओचे बूट आले, मग खोकणारा मातेओ.

पिकअपमधून परतताना मला राहवेना. परमुलखात मरणाच्या दारातून माणसाला मागे खेचणारं ते वाक्य कुठलं? आईचं नाव? देवाचं? मला कोणी तिथं मराठीत हाक मारली असती, तर मी चितेवरूनही उठलो असतो.

“सदा, काय म्हणालास रे त्याला?”

“‘वेल्डिंगचे रॉड किती उरले?’” सदा म्हणाला. “तेवढंच येतं मला, भावोजी.”