पांढऱ्या सुतळीची ओळ

वंदनावहिनींचा फोन आला तेव्हा मी झिंडेलफिंगेनला, कारखान्यात होतो. त्यांचा नवरा, माझा मित्र मिलिंद सकाळी इन्स्टिट्यूटच्या जिन्यात कोसळला आणि गेला... त्याला सहा आठवडे झाले. सगळे त्याच्याविषयी भरभरून बोलले. माझाच हात लिहायला धजत नव्हता, आणि त्याला कारण आहे.

मिलिंद मूळचा वर्ध्याकडचा, इथे जर्मनीत कार्ल्सरूहेत संशोधक. नोकरीतलं काम वेगळंच. जीव मात्र शहराबाहेर भाड्यानं घेतलेल्या क्लाइनगार्टनमध्ये, त्या हातभर बागेत. तिथे तो ब्रेनेसेल नावाचा खाजरा पाला पिंपात कुजवून त्याचा अर्क टोमॅटोला घाली. वास असा, की शेजारच्या बागेतली म्हातारी भर उन्हाळ्यात खोपीच्या खिडक्या लावून घेई. हे खत नव्हे, झाडाची स्वतःची ताकद जागवणारं टॉनिक, असं तो सांगे. त्याची आई गावाकडे भाजी पिकवून विकायची. तिच्यासारख्या बायांना घरच्या घरी करता येईल असं काही त्याला हवं होतं; पण खात्री झाल्याशिवाय आईलाही सांगायला तयार नव्हता. "तपासल्याशिवाय मानायचं नाही, हे तथागतांनीच शिकवलंय ना!" म्हणे.

दोन उन्हाळे प्रमाण ठरवण्यात गेले. तिसऱ्या वर्षी खरी चाचणी लावली आणि नेमकं त्याला महिनाभर भारतात जावं लागलं. बाग माझ्यावर आली. "लाल सुतळीच्या ओळीला अर्क, पांढरीला फक्त पाणी. गेनाऊ, अगदी तसंच, बरं का!"

मी इंजिनिअर माणूस; चाचणी कशाला म्हणतात हे मला कळायला हवं होतं. पण आमच्या घरात एकाला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवायची रीत नाही. पांढऱ्या ओळीतली झाडं मलूल दिसायला लागली, पिंपात अर्क उरलेला... घातला. मग रोजच घातला.

हंगामाअखेर मिलिंदनं टोमॅटो तोलले. दोन्ही ओळी सारख्याच. "आल्झो, म्हणजे संपलं," एवढंच म्हणाला आणि पिंप उपडं केलं. मी ते धुऊन ठेवलं. पुढे चार वर्षं भेटत राहिलो, तरी खरं काय ते बोललो नाही. लाज वाटते.

गेल्या शनिवारी वहिनींबरोबर बागेतली खोपी रिकामी करायला गेलो. फळीवर त्याची निळी वही होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'काहीच फरक नाही. आईला कळवायचं राहू दे.'

तिथेच वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली.

"म्हणजे भाऊजी, ह्यांचं औषध लागू पडत होतं?"

"ते आता सांगता येणार नाही, वहिनी."

"तुम्ही तेव्हाच बोलला असता, तर ह्यांना सांगता आलं असतं. अजून एक उन्हाळा लावला असता त्यांनी."

मी वहीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती आपल्या पिशवीत ठेवली आणि मला खोपीला कुलूप लावायला सांगितलं.