अर्थ सांगा, नाहीतर ठोकळे उचला

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपार. जागा: झाशी, प्रेम नगरातल्या आमच्या घराची गच्ची. हजर: आत्या, नवरा, मुलगी, पुण्याहून आलेला भाचा आणि मी. गैरहजर: शेजारचे भैया-भाभी, मानिक चौकात लग्नाच्या खरेदीला गेल्यामुळे.

थंडीत आमचा रविवार असाच जातो. सतरंजी, मटार, पेरू आणि इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा तो खेळ. ठोकळे जोडून पाटावर शब्द लावायचे आणि गुण मोजायचे. गुण मी लिहिते, कारण दुसऱ्या कोणी लिहिले की भांडणं होतात.

आमच्याकडे पंच आहे आणि तिला इंग्रजी येत नाही. ही माझी सख्खी आत्या. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिनं गुरसरायचं घर बंद केलं आणि ती आमच्याकडे आली. पहिले काही रविवार ती बाजूला बसून मुकाट मटार सोलायची. मग एकदा नवऱ्यानं शब्द लावला आणि तिनं विचारलं, हे काय लावलंस? तो म्हणाला, शब्द आहे. ती म्हणाली, "शब्द कशाचा तरी असतो ना? कशाचा आहे?"

नवऱ्याला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून नियम झाला. शब्द लावणाऱ्यानं त्याचा अर्थ आत्याला कळेल असा मराठीत सांगायचा. तिनं मान डोलावली तर गुण, नाहीतर ठोकळे उचलायचे. हिंदीत सांगितला तर निम्मे. एका शब्दाला दिलेला अर्थ दुसऱ्याला चालणार नाही, आणि कोणाला काय दिलं होतं ते आत्याच्या पक्कं लक्षात असतं. निकाल दिल्यावर ती कधीकधी आपला एखादा जुना शब्दही पुढे करते. नामंजूर केलं तर मात्र काही सांगत नाही.

भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. कामासाठी आठवडाभर झाशीत होता. माझं मराठी म्हणजे नऊवारी नेसलेली हिंदी, हे त्यानं पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं होतं. मी त्याला आणखी एक पोळी वाढली आणि म्हटलं, नेसलीय तरी. खेळाचं त्याला भारी वेड. त्याच्या फोनवर चालणाऱ्या सगळ्या शब्दांची यादी होती. शेवटी ओ आणि ई असलेले छोटे शब्द तर त्याला तोंडपाठ होते: डो, फो, टो, वो. पहिले तीन त्यानं धडाधड लावले आणि अर्थही सांगितले. हरिणी, वैरी, पायाचं बोट. आत्यानं तिन्ही मंजूर केले.

मग त्यानं नुसते ओ आणि ई असे दोनच ठोकळे ठेवले.

आत्यानं विचारलं, म्हणजे काय? त्यानं खांदे उडवले. त्यालाही माहीत नव्हतं, पण फोनवर हिरवी खूण आली होती. मी म्हटलं, ठोकळे उचल.

"मामी, जगात कुठेच अर्थ विचारत नाहीत."

"हे जग नाही, माझी गच्ची आहे."

तो हसला, पण हटला नाही. आत्याला त्रास कशाला, ती बिचारी उन्हात बसली आहे, पंचाचं काम फोन करेल, असं त्याचं म्हणणं. मुलगी लगेच त्याच्या बाजूनं झाली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते, त्यामुळे दर रविवारी तिचे निम्मे गुण जातात. नवऱ्यानं पेरूत लक्ष घातलं आणि म्हणाला, खेळ जरा लवकर संपेल एवढं मात्र खरं.

आत्यानं सालपटं पदरात गोळा केली आणि गुडघ्यावर हात ठेवला. "खेळा तुम्ही. मी खाली जाऊन कणीक भिजवते."

कणीक सकाळीच भिजवलेली होती. हे मला माहीत होतं आणि तिलाही. ती जिना उतरली असती तर पुढच्या रविवारी वर आली नसती. पुन्हा कोणी तिला काही विचारलं नसतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच.

मी पाटाचं एक टोक उचललं. ठोकळे घसरायला लागले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "आत्या खाली गेली तर पाटही खाली जाईल," मी म्हटलं. "आणि गुण मी लिहिते. अर्थाशिवाय एक गुण लिहिणार नाही. फोनला लिहू दे."

मागच्या गल्लीतल्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं. मग मुलीनंच फोन काढून अर्थ शोधला. कुठल्याशा थंड बेटांवरचं वादळ होतं ते. तिनं आत्यासमोर बोट गोल गोल फिरवलं आणि म्हणाली, "आजी, वो जो मई में धूल का गोल-गोल उठता है ना, बवंडर."

आत्या पुन्हा बसली. घाई केली नाही. सालपटं नीट बाजूला ठेवली आणि निकाल दिला, "शब्द त्याचा, अर्थ हिचा. दोघांना निम्मे निम्मे. वावटळ म्हणतात तिला. पुढच्या खेपेला तसं म्हण, पुरे मिळतील."

भाच्यानं हात जोडले. मुलीनं वावटळ, वावटळ असं दोनदा घोळवलं. मी गुण लिहिले.

मग माझी पाळी आली. मी वो लावला: डब्ल्यू, ओ, ई. तिप्पट गुणांचं घर होतं, मी जिंकत होते. मी म्हटलं, दुःख.

आत्यानं मान हलवली. मागच्या महिन्यात मुलीनं ग्रीफ लावला होता, त्याचा अर्थ दुःखच सांगितला होता. एक अर्थ दोघांना नाही. मी म्हटलं, शोक.

"शोक पुस्तकात असतो. घरात कोणी शोक करतं का?"

व्यथा? तेही पुस्तकातलंच. पीडा? ती शनीची असते. नवऱ्याला हसू आवरेना. भाच्यानं अतिशय नम्रपणे फोन पुढे केला, "मामी, हिरवी खूण आहे हं."

मी फोन परत दिला आणि ठोकळे उचलले. त्या दिवशी भाचा जिंकला. निघताना मिठाईचा डबा पिशवीत टाकत तो म्हणाला, एवढ्या हट्टापायी मामी हरली. मी म्हटलं, हरले, पण नियमानं हरले, आणि पुढच्या वेळी येशील तेव्हाही हाच नियम असेल.

त्यानंतरचे सगळे रविवार आत्या आपणहून वर आली आहे, कधीकधी आमच्या आधी. मी तिच्यापुढे हुरहूर ठेवून पाहिली, घोर ठेवून पाहिला. जवळ आलीस, एवढंच म्हणाली. शब्द तिच्याकडे आहे, याची मला खात्री आहे. गुरसरायच्या दाराला कुलूप लावताना मी तिच्या शेजारी उभी होते. त्या वेळी तुझ्या आत काय होत होतं, त्याला तू काय म्हणतेस, एवढंच विचारायचं आहे. खेळात नाही, गुणांसाठी नाही, सहज, मटार सोलताना.

या आठवड्याच्या कामांच्या यादीतलं गॅसचं झालं, विम्याचं झालं, तिचा चष्माही आणला. हे विचारायचं तेवढं राहिलं आहे.