दोरी कोण ओढणार?

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात काम केलं की न लिहिणाऱ्याकडेही किस्से साठतात!

एकदा एक पर्यटक बाई शेठना म्हणाल्या, "चिक्की लोकलच आहे ना?"

शेठ मूळचे राजस्थानचे. "हंड्रेड पर्सेंट लोकल!"

शेंगदाणे गुजरातचे, गूळ कोल्हापूरचा, पाक करणारा रामप्रसाद बिहारचा. चिक्की कापणाऱ्या सखूमावशी तेवढ्या मावळातल्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाणी हितलं हाय, ताई!"

रामप्रसादला आम्ही सगळे भैया म्हणायचो. आपल्याला कुणीतरी लोणावळ्याचं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

शिवजयंतीला पोरं लोहगडावरून ज्योत घेऊन पळत येतात. गेल्या वर्षी भैयाही निघाला. पोरं हसली, "भैया, तुला झेपायचं न्हाई!" निम्मी पोरं वाटेत टेम्पोत बसली. भैया शेवटपर्यंत पळाला! वर टेम्पोत बसलेल्या पोरांनाच म्हणाला, "पाणी पाहिजे का, मावळ्यांनो?"

एकदा गावाहून आला तो तोंड पाडूनच. "मावशी, तिकडे मला मराठी म्हणतात, इकडे भैया. मी नक्की कुठला?"

"गाडीतला!" मावशी म्हणाल्या. चिक्की कापायची थांबवून सगळे हसले. तो नाही हसला.

आता सव्वीस जानेवारीचं सांगतो. आमच्याकडे झेंड्याची दोरी सगळ्यात जुना कामगार ओढतो. आधी आबा ओढायचे, ते रिटायर झाले, म्हणून शेठनी मावशींचं नाव पुकारलं. मावशी नातवंडांना घेऊन, नवी साडी नेसून आल्या होत्या. भैया त्यांच्याआधीपासून कामाला आहे, हे मला आबांनी सांगितलं होतं. पण एवढ्या लोकांत बोलायचं म्हणजे माझी जीभच उचलेना.

मावशींनी दोरी धरली आणि थांबल्या.

"ए भैया, पयल्या दिवशी पाकानं माजा हात भाजला, तवा पाणी कुणी आणलं?"

"मीच आणलं."

"म्हंजी तू माज्याआदीचा. ये फुडं."

"नको मावशी, तुम्ही इथल्या..."

"गप! नंबर म्हंजी नंबर. वढ दोरी!"

त्याने ओढली. झेंडा फडकला, फुलं थेट त्याच्या डोक्यावर! राष्ट्रगीत त्यानेच सुरू केलं, तेही इतक्या वरच्या आवाजात की आम्हाला टाचा उंच करून गावं लागलं. मावशींचा आवाज सगळ्यांच्या पुढे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो. भैया भट्टीपाशी पाक हलवत होता. मी दारातूनच हाक मारली, "रामभाऊ!"

त्याने वळून पाहिलं नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं वाटलं असेल.

मी आणखी मोठ्याने हाक मारली.