पिशवीवरचा हात

"पावणं, गाव कंचं?"

असं विचारताना अण्णांचा उजवा हात पिशवीवर असायचा. परिषदेची रेक्झिनची पिशवी. आत एक वही, एक पेन, औषध कंपनीचं कॅलेंडर आणि जेवणाचं कूपन. पिशवी ते पाहुण्याच्या हातात द्यायचे, पण सोडायचे मात्र नाहीत. एक बंद पाहुण्याच्या मुठीत, दुसरा अण्णांच्या. गाव सांगितलं की अण्णांची मूठ सुटायची.

अण्णा आमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या संघटनेत क्लार्क होते. मी सचिव. म्हणजे लेटरहेडवर मी, बाकी सगळीकडे अण्णा. दर जानेवारीत कोल्हापुरात आमची परिषद भरायची, आणि हॉलच्या दाराशी हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे अण्णा बसायचे. नव्वदच्या सुमाराला मी सचिव झालो तेव्हा ते तिथे होतेच. टेबल आधी आलं की अण्णा, हे संघटनेच्या संस्थापकांनाही सांगता आलं नसतं.

एकदा पुण्याहून एक मोठे प्राध्यापक आले. मी त्यांना स्टेजकडे नेण्याच्या घाईत, आणि अण्णांनी त्यांची पिशवी धरलेली.

"पुणे," प्राध्यापक म्हणाले.

"ते ऱ्हायाला. गाव कंचं?"

"पुणेच हो."

"आईचं म्हायेर?"

"गडहिंग्लजकडं."

"मग तसं सांगा की! मघाधरनं पुणं पुणं लावलंय." बंद सुटला. अण्णांनी त्यांना थेट गडहिंग्लजच्या डॉक्टरांशेजारी नेऊन बसवलं. त्या दिवशी प्राध्यापकांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि आजोळच्या म्हशीपासून सुरुवात केली. इतकं चांगलं भाषण त्यांनी पुण्यातही केलं नसेल.

तुम्हाला वाटेल, गावाची चौकशी म्हणजे नुसता चोंबडेपणा. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमचा धंदा एकट्याचा. खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात घालून माणूस उभा असतो आणि अडलं तर विचारायला पंचवीस किलोमीटरवर दुसरा डॉक्टर नसतो. अण्णांनी एका वर्षी राधानगरीचे आणि गगनबावड्याचे डॉक्टर शेजारी बसवले. दोघांकडे तसलाच पाऊस, चिखलात जनावरांच्या खुरांची तीच दुखणी. आपल्यालाच काही येत नाही, असं दोघांनाही वर्षानुवर्षं वाटत होतं. जेवणाची सुट्टी संपली तरी ते उठले नाहीत.

हे गगनबावड्याचे डॉक्टर म्हणजे मोठी वल्ली होती. घाटमाथ्यावरून एसटी पकडून यायचे, त्यामुळे उद्घाटन त्यांनी कधी पाहिलं नाही. ते गगनबावड्याचे हे हॉलच्या खुर्च्यांनाही ठाऊक असलं, तरी अण्णा दर वर्षी बंद धरून गाव विचारायचे, आणि डॉक्टर दर वर्षी ओरडायचे, "गगनबावडा की रं! इसरलास व्हय?" मग दोघं लहान पोरांसारखे हसायचे.

संध्याकाळी काही पिशव्या उरायच्या. अण्णा त्यांच्यावरची नावं वाचून ठेवायचे, आणि पुढच्या रविवारांना एसटीने त्या एकेकाच्या घरी पोचवायचे. मी म्हणालो, "अण्णा, पोस्टानं पाठवू या की."

"पोष्टानं पिशवी जाईल, सायेब. मानूस का आलं न्हाय, ते कसं कळनार?"

मी पोस्टाची तिकिटं गुपचूप ड्रॉवरात ठेवली. सचिवाला तेवढंच जमतं.

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या संघटनेला नवे अध्यक्ष मिळाले. हुशार माणूस, सदैव घाईत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: सभासद येतात, सही करतात, जेवतात आणि एसटी गाठतात, परिषदेत कुणी भागच घेत नाही. बाहेर एका परिषदेत त्यांनी पाहिलं होतं की इंटरनेटवर एक पान उघडायचं, सभासदांनी त्यावर लिहायचं, आणि ते सगळं स्टेजमागच्या पडद्यावर दिसायचं. त्या वेळी कॉलेजातली पोरं अशा साइटवर एकमेकांना काहीबाही लिहीत बसायची. आता ते आम्ही करायचं होतं.

"आणि पान चाललं," अध्यक्ष मला म्हणाले, "तर पुढच्या वर्षीपासून नोंदणीही त्यावरच. दारातलं टेबल बंद. पिशव्या खुर्च्यांवर ठेवू."

मी पान उघडलं. 'सर्व सन्माननीय सभासदांचे हार्दिक स्वागत' असं लिहिलं. पंधरा दिवसांत दोन उत्तरं आली. एक माझ्या मुलीचं, दुसरं गाई-म्हशींशी संबंध नसलेल्या कुणा दिल्लीवाल्याचं.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान वाचलं. "सायेब, ह्ये स्वागत हाय का कोर्टाची नोटीस? दारात मानूस आल्यावर असं बोलतासा व्हय तुमी?"

"मग काय लिहू?"

"गाव इचारा की."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबलो. खरं सांगायला हवं होतं. "अण्णा, हे पान चाललं तर पुढच्या वर्षी तुमचं टेबल राहणार नाही."

अण्णांनी कपाळावरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला. टेबलामागची ती खुर्ची म्हणजे वर्षातून एकच दिवस. पण उरलेलं वर्ष ते त्या दिवसासाठी जगायचे, हे मला चांगलं माहीत होतं.

"न्हाय चाललं तर तुमचं नाक जातंय," ते म्हणाले. "टेबल काय, लाकडाचं हाय. लिवा."

मी लिहिलं, 'पावणं, गाव कंचं?' आणि खाली काय पूर आला म्हणता! कागलवाल्याने गाव लिहिलं, त्याला चंदगडवाल्याने चिमटा काढला, शिरोळवाल्याने मध्ये पडून उसाचा विषय काढला. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांनी पोरांकडून लिहून घेतलं. एकाने आजारी रेड्याचा फोटो टाकला आणि तिघांनी तीन औषधं सुचवली. रेडा तरीही वाचला.

परिषदेच्या दिवशी लॅपटॉप अण्णांच्या टेबलावर ठेवला, कारण मराठी टाइप करणारा सगळ्यांत वेगवान माणूस तेच. आयुष्यभर टाइपरायटर बडवलेला हात. एकेका अक्षराला लॅपटॉप उडायचा. सकाळचं सत्र झकास झालं. मागच्या रांगेत बसणारे, वीस वर्षांत तोंड न उघडलेले डॉक्टर अण्णांकडे चिठ्ठ्या सरकवून पानावर प्रश्न विचारू लागले.

दुपारी प्रमुख पाहुणे उभे राहिले. दुग्धव्यवसायाच्या इतिहासाला त्यांनी पार वेदकाळापासून हात घातला. एक वाजला, दीड वाजला. ते अजून वेदांतच होते. आणि त्यांच्या डोक्यावर, पडद्यावर, माणसाच्या उंचीची अक्षरं उमटली:

'पांढरा रस्सा तयार हाय. मागच्या दारानं एकेक करून या. म्होरनं गेलासा तर सायबास्नी दिसंल.'

हॉलमध्ये आधी सगळ्या माना वर झाल्या. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. पाहुण्यांना वाटलं, लोक उभे राहून मानवंदना देताहेत. त्यांनी वाकून नमस्कारही केला. पाच मिनिटांत समोर अध्यक्ष, मी आणि माइकवाला उरलो. माइकवालाही दाराकडे बघत होता.

अध्यक्षांचा चेहरा तांबड्या रश्श्यासारखा झालेला. अण्णा बिचारे खरोखर गांगरले होते. "दारात बसून मला काय ठावं पडद्यावर जातंय? मी म्हनलं, चिठ्ठी कशी मागच्या बाकावर सरकवतोय, तसंच आसंल!"

पण पान चाललं होतं, आणि शब्द शब्द असतो. पुढच्या वर्षी टेबल नव्हतं. अण्णांचं वयही झालेलं. संघटनेने नारळ आणि शाल दिली. हिरवं कापड तेवढं त्यांनी मागून नेलं. मी अध्यक्षांशी भांडायला हवं होतं. भांडलो नाही, याची लाज मला आजही वाटते.

ती परिषद तशी फार छान झाली. पानावर गावंच गावं. खुर्च्यांवर पिशव्या. संध्याकाळी बऱ्याच उरल्या, त्या एका पोत्यात भरल्या गेल्या, कारण त्यांच्यावर आता नावं नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यातली एक पिशवी आणि पानावरचं सगळं छापून काढलेले कागद घेऊन अण्णांच्या घरी गेलो. म्हातारा खूश होईल, असा माझा हिशेब.

अण्णांनी ओळीवर बोट ठेवून सगळी गावं वाचली. हसले, मान डोलावली. शेवटच्या कागदावरून बोट परत पहिल्यावर आलं.

"गगनबावडा न्हाय ह्यात."

"लिहायचं राहिलं असेल त्यांचं."

"आलतं का?"

मी कागद पुन्हा चाळले. मी त्या संघटनेचा सचिव. मी सगळ्यांशी हात मिळवले होते, आलेल्या प्रत्येकाचं नाव माझ्याकडे छापलेलं होतं. कोण आलं नाही, हे मला माहीत नव्हतं.

अण्णा उठून चपला शोधायला लागले. "ती पिशवी घ्या. गाडी हाय आत्ताची."

डॉक्टर घराच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली. आम्हाला पाहून उठले नाहीत, 'या' म्हणाले नाहीत. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं, वहिनी आषाढात गेल्या. तेव्हापासून डॉक्टर दवाखान्यात जातात, जनावरं तपासतात, परत येऊन असे बसतात. माणसांशी बोलणं जवळपास बंदच. आषाढ ते जानेवारी. आमच्यापैकी कुणालाही कळलं नव्हतं.

मी काहीतरी सांत्वनाचं बोलू लागलो. अण्णांनी मला हातानेच थांबवलं. माझ्याकडून पिशवी घेतली, डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि पुढे केली. डॉक्टरांनी सवयीने एक बंद धरला. दुसरा अण्णांनी सोडला नाही.

"पावणं, गाव कंचं?"

पिशवी दोघांच्या मध्ये ताणलेली. मग डॉक्टरांचे ओठ हलले.

"गगनबावडा की रं," ते म्हणाले. "इसरलास व्हय?"

ओरडायला गेले, पण आवाज मध्येच फुटला. खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी अण्णांच्या पोटाशी डोकं टेकवलं आणि सात महिन्यांचं रडून घेतलं. अण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी पडवीच्या टोकाला जाऊन उगाच डोंगराकडे बघत उभा राहिलो. नंतर डॉक्टरांनीच चहा केला. साखर घालायची विसरले, आम्ही तसाच प्यालो.

त्यानंतर मी अध्यक्षांशी भांडलो. पान चालूच राहिलं, ते चांगलंच होतं. पण दारात टेबलही परत आलं. त्यावर अण्णांनी घरून आणलेलं तेच हिरवं कापड. अण्णा त्यामागे दोन वर्षं बसले. तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत ते नव्हते. त्यांच्या मुलाने कापड धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे आणून दिलं.

आता त्या टेबलामागे मी असतो. मला अण्णांसारखं जमत नाही. नातीगोती लक्षात राहत नाहीत, नावं तर त्याहून नाहीत. परवा एका तरुण डॉक्टरने घाईत पिशवी ओढली. येईना, म्हणून त्याने वाकून पाहिलं.

"सर, सोडा की. आत सुरू झालंय."

"होऊ दे," मी म्हणालो. "आधी गाव सांग."