हद्द पाण्यापर्यंत

मोजणीवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर काठावर घर बांधून नदीच मोजायला घेतली. माणूस दिसायला निरुपद्रवी. खिशाला दोन पेनं, आणि बोलताना हात असे पसरायचे की समोरच्याला वाटावं, आपलीच लांबी-रुंदी काढतायत. कचेरीत त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. घरात तर कपबशी कुठे ठेवायची एवढंही वहिनींनी त्यांच्यावर सोपवलं नव्हतं. असल्या माणसाच्या हाती वीतभर हद्द लागली की तो पिसाळतो.

घर आणि नदी यांच्यामध्ये तीस पावलांचा उतार. तिथे नाववाली मावशी बावीस वर्षं नाव लावत होती. पलीकडची दवाखान्याला, शाळेला, गिरणीला येणारी माणसं तिच्याच नावेतून उतरायची. बाकी सगळा काठ उभा कडा. नाव लागेल अशी जागा ही एकच. ती गेली की मावशीचं काम गेलं, आणि माणसांना पुलावरून दीड तासाचा फेरा.

एका उन्हाळ्यात मोजणीवाल्यांनी उतारावर तारेचं कुंपण घातलं. वर पाटी: ‘खाजगी किनारा. उतरू नये.’

"कुणाचा किनारा, साहेब?" मावशीने वल्हं हातात धरूनच विचारलं.

"माझा. खरेदीखतात लिहिलंय, हद्द पाण्यापर्यंत."

"कुठल्या पाण्यापर्यंत?"

"पाणी म्हणजे पाणी. तुला काय कळतंय त्यातलं?"

मग गंमत सुरू झाली. नदी आटत गेली तसे साहेब दर आठवड्याला खांब उपटायचे आणि चार हात पुढे नेऊन ठोकायचे. वहिनी खिडकीतून बघायच्या. "अहो, अजून थोडी आटली तर पलीकडच्यांच्या अंगणात जाल. जेवायला तिकडेच थांबा."

आम्ही शेजारीही काही कमी नव्हतो. साहेब कायद्यातला माणूस, असं एकमेकांना सांगत शेपूट घालून बसलो. मावशी गुडघाभर पाण्यात नाव धरून उभी राहायची आणि लोक कड्याच्या कपारीला धरून खेकड्यासारखे सरकायचे. निम्मी माणसं यायची बंद झाली. शेवटी मावशीनेच नदीखात्याकडे अर्ज टाकला.

खात्याच्या बाई पाहणीला आल्या त्या ऐन पावसाळ्यात. रस्ता पाण्याखाली, म्हणून मावशीच्याच नावेतून. कुंपण केव्हाच बुडालं होतं. पाणी व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं, आणि वर साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, खरेदीखत प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन उभे.

"तुमची हद्द कुठपर्यंत?" बाईंनी नावेतूनच विचारलं.

"पाण्यापर्यंत, मॅडम. लेखी आहे."

"म्हणजे इथपर्यंत." बाईंनी पायरीकडे पाहून वहीत टिपलं.

साहेबांचा चेहरा पडला. "तसं नाही हो. ते उन्हाळ्यातलं पाणी."

"तसं लिहिलंय? निदान आकडा? इतके मीटर, इतकी पावलं?"

आकडा कुठून असणार? एका आकड्यासाठी लोकांचे कागद तीन-तीनदा परत धाडणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या खतात आकडा मुद्दाम गाळला होता. नदी आटेल तेवढी जमीन फुकट, हा हिशेब. नदी चढतेही, हे नदीकाठी घर बांधणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

"नदीत नाव घालायचा आणि पूर चढतो तिथपर्यंत काठ वापरायचा हक्क सगळ्यांना आहे," बाई म्हणाल्या. "पूर कुठपर्यंत चढतो ते दिसतंच आहे. कुंपण काढा. नाव इथेच लागेल."

आतून वहिनी म्हणाल्या, "वरच्या पायऱ्या तरी आपल्या राहिल्या का, की त्याही घालवल्यात?"

साहेब पिशवीतल्या कागदाकडे बघत राहिले. बाईंना भिंतीवर पुराची खूण करायची होती. मावशीने नाव पायरीला भिडवली आणि दोराचं टोक वर फेकलं.

"साहेब, धरा जरा. मॅडमना उतरायचंय."

साहेबांनी धरला. तोही इतका सैल की बाई उतरायच्या आधी नाव दोन हात मागे गेली.