आधी माप

“आधी माप, मग बाकीचं.” मास्तर हे इतक्या वेळा म्हणायचे, की ओतूरच्या त्यांच्या शिवणाच्या दुकानात माणूस नुसता चहाला गेला तरी आपोआप हात पसरून उभा राही. निदान मी तरी राहायचो. मग मास्तर माझ्या पोटाचा आकडा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचायचे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावानं कपड्यांचा ट्रक भरला. ‘जुनंपानं द्या’ असं भोंग्यावर सांगितलं होतं, आणि ते आम्ही फारच मनावर घेतलं. मी उदार होऊन माझ्या लग्नातला सफारी दिला. त्याची चेन तुटली होती आणि मला तो होतही नव्हता. ट्रकाबरोबर मास्तर गेले. आठ दिवसांनी परतले ते काखेत माझा सफारी घेऊन.

“भाऊ, हा तुमचा. शिलाई माजी, म्हणून वळखला. रस्त्याकडंला पडल्याला व्हता.”

“का? कुणाला झाला नाही?”

“ट्रकातनं भिरकावत व्हते, राव. एक बाई उभी व्हती. घरातली समदी गेल्याली. तिच्या अंगावर झंपर येऊन पडलं. एक बी हुक नव्हता त्याला. तिनं त्याची घडी घातली न् परत ढिगावर ठिवली. मला कळंना, कुठं बघावं.”

भूकंप विसर्जनानंतरच्या पहाटे झाला होता. पुढच्या वर्षापासून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मास्तर अकरा नवी झंपरं द्यायला लागले. भाभींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, माहेर घोडेगावचं. तिथून पुढं शिनोलीकडं एकट्या राहणाऱ्या बायका त्यांच्या माहितीतल्या. गणपती बसायच्या आधी दोघं एस्टीनं जायची. भाभी आत माप घ्यायच्या, मास्तर दाराबाहेर उभे राहून आकडे उतरवायचे.

मी एकदा शहाणपणा केला. “रेडिमेड घ्या की मास्तर. मंचरला ढीग मिळतो.”

“ढीगच बघून आलोय म्या.”

एका वर्षी त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. ‘विसर्जन होऊन जाऊ द्या,’ म्हणाले. भाभी तडकल्या, “डोळं गेल्यावर काय शिवणार हाय?”

“म्हणून तर आधी शिवतोय.”

सुईत दोरा ओवायला मी बसलो. मला चष्मा लागला होता, पण मी तो कबूल करत नव्हतो. एका झंपराचे सगळे हुक मी उलटे लावले. भाभींनी ते उसवले. मास्तर शिलाई बोटांनी चाचपून पुढं सरकवत होते. बाहेर मिरवणुकीचा ताशा सुरू झाला तेव्हा अकरावं झंपर मशीनवरून उतरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शिनोलीला गेलो. शेवटच्या घरातली म्हातारी झंपर घालून बाहेर आली आणि तिनं हात वर केला.

“मास्तर, बाही ढिली झालीय. काखंत बी गोळा होतंय.”

मला रागच आला. “अहो आजी, एवढं त्यांनी डोळे...” मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“चुकलंच माजं, आजी. द्या, नीट करून आणतो.”

परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसून हसत होते. “काखंत गोळा होतंय म्हणाली! आईकलं का? गिऱ्हाईक हाय ती, भाऊ. गिऱ्हाईक.”

बाही त्यांनी त्याच आठवड्यात आत घेतली. मग ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि दिवाळीच्या आत मास्तर झोपेतच गेले. भाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. त्यांनी झंपर कागदात गुंडाळून माझ्याकडं दिलं.

म्हातारी ते घालून अंगणात आली. दोन्ही हात वर केले, मग कांडण कांडल्यासारखे खाली-वर केले.

“आता बेस बसलं. मास्तरांना सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“आन् पुढल्या खेपंला गळा मागनं वाईच वर घ्या म्हणावं. थंडी लई वाजती.”

मी कागद मागितला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि लिहून घेतलं.